एकवीस दिवसांचा महिना



जामनेरला आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी कालनिर्णयचं कॅलेंडर टांगलेलं असतं. दुधाचे खाडे, गॅसची टाकी कधी लावली, वीजबिलाची तारीख, सगळं त्याच्यावर. गेल्या वर्षी त्यात लाल पेनानं काढलेले गोल आले. लाल गोल म्हणजे जळगावला जाऊन किमो घ्यायची. एका गोलापासून पुढच्या गोलापर्यंत २१ दिवस. त्या काळात आमच्या घरातला महिना तीस दिवसांचा राहिला नव्हता, २१ दिवसांचा झाला होता.

मला स्तनाचा कॅन्सर झाला. हे वाक्य रेडिओवरून मुद्दाम बोलते आहे. आमच्या तालुक्यात गाठ हाताला लागली तरी बाई कापसाची वेचणी उरकेपर्यंत, नाहीतर लेकीचं बाळंतपण होईपर्यंत गप्प बसते, आणि ती गप्प बसते म्हणून गाठ थांबत नाही. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, विज्ञान शिकवलं, तरी मीही अशीच गप्प बसले. माझं ऑपरेशन मुंबईला झालं, आणि किमो घराजवळ घ्यावी म्हणून जळगाव ठरलं.

किमो म्हटलं की लोकांना दवाखाना, खाट आणि सलाईनची बाटली दिसते. प्रत्यक्षात माझा दवाखान्यातला वेळ फार तर दिवसभराचा. बाकीचे दिवस माणूस घरी असतं. औषधाचा त्रास मोरीत होतो, गॅसच्या शेगडीपाशी होतो, ओट्यावर बसलेल्या पाहुण्यांसमोर होतो. आज मी त्या घरच्या दिवसांबद्दल बोलणार आहे.

आधी २१ दिवसच का, ते सांगते. किमोची बरीचशी औषधं झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींवर काम करतात. कॅन्सरच्या पेशी तशा असतात. पण हाडांच्या मगजात रक्त तयार करणाऱ्या पेशी, तोंडाच्या आतलं अस्तर आणि केसांची मुळं हीसुद्धा झपाट्यानं वाढणारीच. औषधाला आपलं-परकं कळत नाही. साधारण दुसऱ्या आठवड्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला जातात आणि तिसऱ्या आठवड्यात सावरतात. सावरल्या की पुढचा डोस. सगळ्यांचंच वेळापत्रक असं नसतं. कुणाला दर आठवड्याला, कुणाला पंधरा दिवसांनी. पण डोसाच्या आधी रक्त तपासतातच, आणि पेशी कमी भरल्या तर नेरीमार्गे धक्के खात गेलेलं माणूस तसंच परत येतं. शेजारीपाजारी विचारतात, 'काय बाई, लवकर आल्या?' पेशी कमी भरल्या हे समजावण्यापेक्षा 'डॉक्टर नव्हते' म्हणणं सोपं पडतं.

माझं सुरुवातीचं औषध लाल रंगाचं होतं, डॉक्सोरुबिसिन. ते बाटलीला टांगून सोडून देत नव्हते. सिस्टरबाई जवळ बसून सिरिंजनं हळूहळू देत, नजर सारखी माझ्या हाताच्या शिरेवर. ते शिरेबाहेर पसरलं तर आजूबाजूचं मांस जाळतं. जळजळलं की लगेच बोला, सोसत बसू नका, असं त्या प्रत्येक वेळी सांगायच्या. सोसत बसायची सवय बायकांना असते, हे त्यांना माहीत असावं. घरी आल्यावर लघवी लाल होते. हे मला आधी सांगितलेलं होतं, तरीही पहिल्यांदा बघितल्यावर पोटात गोळा आला.

पहिले दोन दिवस औषध लघवीतून, उलटीतून बाहेर पडत असतं. म्हणून मोरी-संडासात दुप्पट पाणी टाकायचं, उलटीची बादली धुणाऱ्यानं हातमोजे घालायचे, माझे कपडे वेगळे धुवायचे. यावरून आमच्या घरात थोडं वाजलं. माझ्या नणंदेला वाटलं, कॅन्सर लागतो म्हणून हे वेगळेपण. कॅन्सर लागत नाही, एका ताटात जेवलं तरी लागत नाही. काळजी औषधाची घ्यायची असते, आजाराची नव्हे. नणंदेला हे पटलं, मात्र माझ्या सांगण्यानं नाही; सिस्टरबाईंनी सांगितल्यावर पटलं.

दवाखान्यात किमो घेताना माझ्या शेजारच्या खुर्चीत पहूरकडचे एक शेतकरी दादा असायचे. त्यांचा कॅन्सर आतड्याचा. त्यांच्या औषधाची तऱ्हा अशी, की डोसानंतर काही दिवस थंड वस्तूला हात लावला की बोटांना विजेचा झटका बसल्यासारखं व्हायचं आणि गार पाणी प्यायलं की घसा आवळल्यासारखा वाटायचा. मे महिना, पारा चव्वेचाळीसच्या पुढे, घरात वाळ्याचं पाणी भरलेला माठ, आणि हा माणूस फुलपात्रातून कोमट पाणी पितो. 'माठाकडे पाठ करून बसतो बाई,' म्हणायचे. जळगावचा उन्हाळा ज्यानं काढला आहे त्यालाच याची किंमत कळेल.

आता जेवण. आपल्या खानदेशात तिखट नसलेलं जेवण म्हणजे आजाऱ्याचं जेवण. काळ्या मसाल्याची शेवभाजी, बामणोदच्या वांग्याचं हिरव्या मिरचीतलं भरीत, कळण्याची भाकरी आणि ठेचा, मेथीचा घोळाणा. यातलं काहीच चालेना. डोसानंतर आठवड्याभरात तोंड यायचं. गालाच्या आत, जिभेच्या कडेला फोड. फोडणीचा वास सहन व्हायचा नाही, म्हणून सून माझ्यासाठी मागच्या पडवीत स्वयंपाक करायची आणि दार लोटून घ्यायची. पाणीसुद्धा लोखंडासारखं लागायचं. स्टीलचा चमचा तोंडात धरवेना, तेव्हा नातवाच्या खेळण्यातला प्लास्टिकचा चमचा उकळून घेतला आणि त्यानं महिनोन्महिने जेवले.

चाललं ते असं: मऊ मुगाची खिचडी, वर तूप. दादरच्या भाकरीचा पापुद्रा काढून आतला मऊ भाग दुधात कुस्करलेला. पिठलं, पण मिरचीशिवाय. ते खाताना मला माझीच कीव यायची. उकडलेलं अंडं. आणि केळी. साल सोलायची असल्यानं हात धुऊन खाल्लं की धोका कमी, तोंडाला टोचत नाही, आणि आपल्या जिल्ह्यात त्यांचा काय तोटा! प्रत्येक खाण्यानंतर कोमट पाण्यात चिमूटभर मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा घालून गुळण्या. हा साधा उपाय मला महागड्या जेलपेक्षा जास्त कामी आला. घोळाणा, कच्ची काकडी, रस्त्यावरचा उसाचा रस मात्र बंद. पांढऱ्या पेशी कमी असताना कच्च्यातले जंतू शरीराला आवरत नाहीत. मळमळीची गोळी उलटी झाल्यावर घेऊन फार उपयोग नसतो, ती आधीच घ्यायची. आणि घरोघरी जी पथ्यं सांगतात, दूध बंद, साखर बंद, डाळ बंद, ती ऐकू नका. या दिवसांत वजन घटू द्यायचं नसतं.

दुसऱ्या आठवड्याबद्दल एकच सांगते, पण ते लिहून घ्या. घरात थर्मामीटर ठेवा. ताप १००.४च्या वर गेला तर रात्र असो, पाऊस असो, दवाखान्यात जा. घरीच तापाची गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नका. गोळीनं ताप उतरतो आणि आतला संसर्ग लपून राहतो. निरोगी माणसाचा साधा ताप आणि किमोवाल्याचा ताप यांची जातच वेगळी.

पाहुण्यांचं काय करायचं, हे मला कुठल्याच कागदावर सापडलं नाही. कॅन्सर झाला की भेटायला जावंच लागतं, अशी आपली रीत. माणसं प्रेमानं येतात. बिस्किटांचा पुडा आणतात, खोकत खोकत खाटेच्या कडेवर बसतात आणि सुरू करतात: 'आमच्या मामेसासऱ्यांनाही असंच झालं होतं.' ते मामेसासरे गोष्टीच्या शेवटी जिवंत असतील तर शपथ. शेवटी ह्यांनी ओट्यावर खुर्च्या मांडल्या आणि ज्याला सर्दी-खोकला त्याला तिथूनच चहा देऊन वाटेला लावायला सुरुवात केली. काही जण रुसले. रुसोत.

केस दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गेले. उशीवर बट सापडली, त्याच दिवशी मुलाला मशीन फिरवायला सांगितलं आणि पदर घेतला. आमच्या भागात पदर घेतलेल्या बाईकडे कोण बघतं?

भेटायला आलेल्या एक ओळखीच्या बाई कानाशी येऊन म्हणाल्या, 'सदाफुलीची पानं रोज चावा, किमोपेक्षा भारी.' त्यांच्या बोलण्यात अर्धं खरं होतं, म्हणून ते जास्त धोक्याचं. अंगणातल्या सदाफुलीपासून व्हिनक्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन ही किमोची दोन औषधं खरोखरच बनतात. त्यातलं व्हिनब्लास्टीन १९५०च्या दशकाच्या अखेरीस कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी शोधलं. ते मधुमेहाचं औषध शोधत होते. पण ढीगभर पाल्यातून हे औषध कणाकणानं निघतं, आणि द्यायची मात्रा मिलिग्रॅमच्या हिशेबात असते. थोडी जास्त झाली की नसा आणि रक्त बिघडतात. पानात किती आहे हे चावणाऱ्याला कसं कळणार? सदाफुली देवाला वाहा, खाऊ नका.

मला दुसरी एक हकिगत जास्त आवडते, आणि तिची सुरुवात परळची आहे. १९२८मध्ये ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना पांडुरोग का होतो, हे त्या परळच्या हाफकिन संस्थेत शोधत होत्या. यीस्टपासून बनवलेल्या मार्माईटनं त्या बायका सुधारतात, हे त्यांनी दाखवलं. त्यातला गुणकारी घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. गरोदर बाईला आशाताई ज्या गोळ्या आणून देतात, त्यातलंच हे. पुढे अमेरिकेत डॉक्टर सिडनी फार्बर यांनी ते रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांना देऊन पाहिलं, तर कॅन्सरच फोफावला. मग त्यांनी उलटा विचार केला: याला अडवणारं औषध द्यावं. ते औषध ज्या प्रयोगशाळेनं तयार केलं, तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. १९४८मध्ये फार्बर यांनी निष्कर्ष छापले: काही मुलांचा आजार काही काळ मागे हटला होता. त्याच घराण्यातलं मेथोट्रेक्सेट आजही दिलं जातं. हाफकिनपासून टाटा रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथल्या रांगेत बसले असताना मला हे माहीत असतं, तर वेळ बरा गेला असता.

माझ्या लाल औषधानंतर जे औषध सुरू झालं, त्यात मळमळ कमी झाली, पण हातापायांना मुंग्या आल्या. ब्लाउजची हुकं लागेनात, सुईत दोरा जाईना. एकदा हौसेनं भाकरी टाकायला बसले. तव्याला बोट टेकलेलं मला कळलंच नाही, वास आल्यावर कळलं. मुंग्यांचं डॉक्टरांना सांगायचं असतं, मात्रा कमी करता येते. चप्पल पायातून निसटली तरी पत्ता लागत नाही, म्हणून घरातसुद्धा मागे पट्टा असलेली सँडल घालावी.

आणखी एक. आपल्याकडे बरेच जण मध्येच डोस सोडतात. गाठ हाताला लागेनाशी झाली, बरं वाटलं, कापूस घरात यायचा आहे, पैसे संपले. पण एका डोसात सगळ्या पेशी मरत नाहीत. प्रत्येक डोस काही हिस्साच मारतो, उरलेल्या डोळ्यांना आणि हाताला कळत नाहीत. म्हणून ठरलेले डोस पुरे करायचे. घरात लग्न असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, चार दिवस मागेपुढे करता येतात का ते बघतात. पैशांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२मध्ये ती राजीव गांधींच्या नावानं सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपलं धुळं होतं. दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी तिथे जा, बिल झाल्यावर नको.

मुंबईला जावं लागलं तर राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समिती आहे. जागा मिळेल का, हे निघण्याआधी विचारा. आमची पाचोरा-जामनेरची पीजे गाडी २०२०पासून बंद आहे, तेव्हा जळगावहूनच बसायचं. रेल्वेत उपचाराला जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-एसीचं तिकीट माफ असतं, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत. त्यासाठी दवाखान्यातून ठरावीक नमुन्यातला दाखला सही-शिक्क्यासह घ्यावा लागतो, त्याच्या झेरॉक्स काढाव्या लागतात आणि स्टेशनच्या खिडकीवर रांग धरावी लागते. हे काम रुग्णानं करायचं नाही, घरच्यांनीही नाही. 'काही लागलं तर सांगा हं' असं म्हणून गेलेला जो पहिला पाहुणा आठवेल, त्याला फोन करा.