जखमी रेड्याच्या मागावर



दक्षिण आफ्रिकेत लिम्पोपो प्रांतातल्या एका खासगी रँचवर आम्ही तिघे मित्र परवाना काढून केप बफेलोच्या शिकारीला गेलो होतो. एकाची गोळी लागली, पण ६००-७०० किलोंचा तो रानरेडा काटेरी झुडपांत शिरला. जखमी रेडा तिथे दबा धरून माग काढणाऱ्यावरच उलटतो. तरी त्याला तडफडत सोडून परतायचे नाही, हा शिकारीचा दंडक.

वाटाड्या म्हणाला, "ज्याने गोळी झाडली तो येईल. बाकीचे गाडीत थांबा, हवे तर."

कुणीच थांबले नाही. वीस पावलांवर तो उठला. तिन्ही रायफली वाजल्या, तेव्हा कोसळला.

रात्री शेकोटीपाशी कुणी फुशारकी मारली नाही. मित्राने फक्त आमच्या दोघांच्या पानात आधी वाढले.