दोनशें तासांचा वैमानिक

विमान चालविण्याचा व्यावसायिक परवाना हातीं आला कीं नोकरी आपल्या पायांनीं दाराशीं चालत येईल, अशी पुष्कळ घरांतील समजूत असते. मुलानें किंवा मुलीनें बारामती, गोंदिया यांसारख्या ठिकाणीं अथवा परदेशांत शिक्षण घेतलेलें असतें; वडिलांनीं त्यासाठीं कर्ज काढलेलें असतें, क्वचित् राहतें घरहि गहाण पडलेलें असतें. नोंदवहींत उड्डाणाचे सुमारें २०० तास जमलेले असतात, आणि भारतांत या परवान्यास तेवढे पुरतात. परंतु नवशिक्यांसाठीं असलेल्या थोड्या जागा भरल्या, कीं उरलेल्यांस प्रत्येक कंपनी आधीं अनुभव विचारते. आणि विमान हातीं आल्यावांचून अनुभव मिळावा कोठून? लग्न झाल्याशिवाय वेड जात नाहीं आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाहीं, असें जें म्हणतात, तशांतलाच हा प्रकार.

मग साहजिकच परदेशाकडे दृष्टि वळते. तेथें पहिली अडचण कायद्याची. १९४४ सालच्या शिकागो येथील करारान्वयें, आंतरराष्ट्रीय उड्डाण करणारें विमान ज्या देशांत नोंदलेलें असेल, त्या देशानें दिलेला किंवा मान्य केलेला परवाना वैमानिकापाशीं असावा लागतो. युरोपांत २०० तासांचा तरुण पुढील शिक्षण घेऊन मोठ्या प्रवासी विमानांत सहवैमानिक म्हणून बसूं शकतो. परंतु बाहेरच्याला तेथील लेखी परीक्षा पुन्हा द्याव्या लागतात, आणि नोकरी करण्याचा हक्क नसेल तर त्या परीक्षांचाहि उपयोग नाहीं. अमेरिकेची तऱ्हा निराळी. फेब्रुवारी २००९ मध्यें बफेलो शहराजवळ एक विमान कोसळून ५० माणसें दगावलीं. त्यानंतर कायदा झाला, आणि २०१३ पासून सहवैमानिकासहि सामान्यतः १५०० तासांची अट लागूं झाली. त्या दुर्दैवी विमानाच्या दोन्ही वैमानिकांच्या नांवावर १५०० हून अधिक तास होते, ही गोष्ट मात्र या चर्चेंत बहुधा विसरली जाते.

या कोंडींतून वाट काढून देणारे मध्यस्थहि भेटतात. ‘इतके पैसे भरा, अमुक देशांत मोठ्या जेट विमानावर ५०० तास मिळतील,’ असें त्यांचें बोलणें असतें. वेतन घेण्याऐवजीं स्वतःच पैसे मोजून काम करावयाचें, असा हा उलटा व्यवहार. तास संपले कीं करार संपतो आणि उजव्या खुर्चीवर पैसे भरणारा दुसरा येऊन बसतो. आधींच कर्जांत असलेल्या घरानें या वाटेस न जाणें बरें.

ज्यांना कष्टांचें भय नाहीं असे कांहीं तरुण निराळीच वाट धरतात. कोणी उत्तर ऑस्ट्रेलियांत जातात, तर कोणी आफ्रिकेंतील बोट्स्वानाच्या माउन या गांवीं. अंगोलाच्या डोंगरांतून निघालेली ओकाव्हांगो नदी समुद्रास मिळत नाहीं. ती कालाहारीच्या वाळूंत पसरून नाहींशी होते. त्या पाणथळ प्रदेशांतील पुष्कळ निवासस्थानांस पोंचण्यास लहान विमानाखेरीज सोईचें साधन नाहीं. म्हणून माउनच्या विमानतळाभोंवतीं लहान विमानकंपन्यांच्या कचेऱ्या आहेत. हंगामापूर्वीं येऊन नवा वैमानिक एकेका कचेरींत आपले कागद देत हिंडतो. दूरून पाठविलेल्या अर्जापेक्षां समोर उभ्या असलेल्या माणसाचा विचार येथें आधीं होतो. कित्येक आठवडे असेच जातात आणि गांठीचे पैसे सरत येतात. जागा मिळालीच तर हवाई कायद्याची परीक्षा, उड्डाणाची चांचणी आणि कामाची परवानगी हीं पुढें आहेतच.

काम दिसतें त्याहून कठीण आहे. सहा आसनांच्या सेसना २०६ विमानांत वैमानिक एकटाच. प्रवाशास साधारणपणें २० किलो सामान, तेंहि मऊ पिशवींत. तें उचलून ठेवणारा हमालहि तोच. धांवपट्टी म्हणजे साफ केलेली मातीची पट्टी. तिच्यावर हत्ती किंवा हरणें असलीं तर एकदां खालून घिरटी घालून त्यांना हुसकावें लागतें. ऑक्टोबरांत उष्मा चाळीस अंशांच्या आसपास जातो, माउन समुद्रसपाटीपासून ९०० मीटरांहून उंच आहे, आणि तापलेल्या विरळ हवेंत विमानास उचल कमी मिळते. अशा वेळीं मोठ्या बॅगेचा आग्रह धरणाऱ्या श्रीमंत पाहुण्यास ‘ही येणार नाहीं’ असें तोंडावर सांगणें तेवीस वर्षांच्या तरुणास जड जातें. पण तें सांगतां येतें कीं नाहीं, हेंच मुख्य वैमानिक पाहत असतो.

नोंदवहींतील सर्व तास सारख्या मोलाचे नसतात. बऱ्याच मोठ्या कंपन्या टर्बाइनच्या किंवा दोन इंजिनांच्या विमानावरील तास विचारतात. म्हणून प्रत्येकाचा डोळा टर्बाइनच्या सेसना कॅराव्हॅनवर असतो, आणि तें विमान जुन्यांकडे आधीं जातें. दोन-तीन हंगाम काढून एखादा वैमानिक मोठ्या कंपनींत जातो. मग त्याचें कॅराव्हॅन दुसऱ्याकडे येतें, त्या दुसऱ्याचें सेसना रिकामें होतें, आणि कचेरीच्या पायरीवर बसून राहिलेल्या कोणा २०० तासांच्या तरुणास किंवा तरुणीस आंत बोलावणें येतें.