२० पैकी १७

(मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

'उच्च शिक्षणातील मूल्यमापन आणि गुणवत्ता' हा विषय मला दिला, तेव्हा मी म्हटलं, बायकांच्या मेळाव्यात हे ऐकणार कोण? हा प्राचार्यांच्या बैठकीतला विषय. पण मग मला माझी एक विद्यार्थिनी आठवली आणि वाटलं, हे बोलायला हीच जागा बरोबर आहे.

मी तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. नोकरीला २६ वर्षं झाली. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. कडेवर मूल, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. बी.ए.ला प्रथम वर्ग मिळवलेली मुलगी. वर्गात पहिल्या बाकावर बसायची. वही नीटनेटकी, अक्षर वळणदार. म्हणाली, "मॅडम, एवढं वाचून सांगा. यात माझं काही राहिलंय का?"

कागद हक्कसोडपत्राचा होता. वडील गेल्यावर वर्षभरात दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदवलेला. वडिलोपार्जित जमिनीतला आपला हिस्सा भावाच्या नावे सोडते आहे, असं त्यात सरळ मराठीत लिहिलं होतं. पानोपानी तिची सही, शेवटी फोटो आणि अंगठा. पुढे जमीन रस्त्यात गेली, भावाला मोबदला मिळाला, सासरी विषय निघाला, तेव्हा तिनं हा कागद मिळवला होता.

मी विचारलं, "अगं, सही करताना वाचलं नाहीस?"

"दादा म्हणाला, वारस लावायचेत, सगळ्यांच्या सह्या लागतात."

"पण हा कायदा तू माझ्याकडेच शिकलीस. चाचणीत लिहिला होतास."

"हो मॅडम," ती म्हणाली, "पण ते पेपरातलं होतं."

ती गेल्यावर मी गुणांच्या जुन्या वह्या काढल्या. प्रश्न होता, हिंदू वारसा कायद्यातले मुलींचे हक्क स्पष्ट करा. तिला २० पैकी १७ होते. उत्तरही मला आठवत होतं, कारण वर्गातल्या सगळ्याच उत्तरांत तेच मुद्दे त्याच क्रमानं असायचे. १९५६चा कायदा, महाराष्ट्रानं १९९४ साली केलेली दुरुस्ती, ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर लागू झालेली दुरुस्ती, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मानं हक्क. हे सगळं मीच फळ्याजवळ उभं राहून उतरवून दिलं होतं.

कुणी म्हणेल, तिनं कागद वाचला असता तरी सही केलीच असती. माहेर तुटू नये म्हणून, भाऊबीज बंद पडू नये म्हणून आपण बायका सह्या करतोच. खरं आहे. पण जाणूनबुजून सोडणं आणि न कळता हातचं जाणं यात फरक आहे. पहिल्यात निदान निर्णय तिचा असतो. माझे १७ गुण सांगत होते की हिला हे कळतं. ते खोटं ठरलं. नापास ती झाली नव्हती, मी झाले होते.

मग त्या गुणांनी मोजलं तरी काय? तिनं वर्गात नीट ऐकलं, मुकाट्यानं लिहून घेतलं, पाठ केलं आणि मागितल्यावर जसंच्या तसं परत दिलं, हे मोजलं. मैत्रिणींनो, हे गुण मुलींना कोण शिकवतं? घर शिकवतं. ऐक, उलट विचारू नकोस, सांगितलं तेवढं कर. निकालाच्या दिवशी 'यंदाही मुलींची बाजी' असा मथळा येतो. आपण पेढे वाटतो, वाटायलाच हवेत. मुलींची मेहनत खोटी नाही. पण आपली परीक्षा ज्याला शाबासकी देते ते आज्ञाधारकपण आहे, आणि नेमकं तेच तिला रजिस्टरच्या टेबलाशी नडतं. तिथेही कुणीतरी वडीलधारं सांगतं, इथे सही कर, आणि ती करते.

मुलींना महाविद्यालयापर्यंत आणण्याची लढाई मोठी होती, ती आपण बरीच जिंकलो आहोत. २०२१-२२च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात ४ कोटी ३३ लाख विद्यार्थ्यांत २ कोटी ७ लाख मुली होत्या. नोंदणीचं प्रमाण पाहिलं तर मुली मुलांच्या किंचित पुढेच, २८.५ आणि २८.३. २०२४ साली महाराष्ट्र सरकारनं व्यावसायिक अभ्यासक्रमांत ठरावीक प्रवर्गांतल्या आणि उत्पन्नमर्यादेतल्या मुलींची शिक्षणशुल्क माफी पूर्ण केली. दार उघडलं हे चांगलंच. पण आत आल्यावर ती काय शिकली, हे विचारणारं कोणी आहे का? घरच्यांना पदवी हवी, ती स्थळाच्या कागदावर लिहायला. महाविद्यालयाला निकालाची टक्केवारी हवी.

आणि गुणवत्ता मोजायला नॅक आहे. ही परिषद १९९४ साली स्थापन झाली. हेतू चांगला होता, महाविद्यालयानं स्वतःकडे तपासून पाहावं. त्यातून एक भलं झालं, ग्रंथालयं सुधारली, काही ठिकाणी मुलींसाठी धड स्वच्छतागृहं झाली. पण समिती यायची म्हणजे आम्ही शिक्षक काय करतो, ते सांगते. रात्री थांबून फायली भरतो. अभ्यासक्रमातून विद्यार्थिनीला काय यायला हवं, ते 'निष्पत्ती' म्हणून छान भाषेत लिहितो. 'विद्यार्थी कायदेविषयक जाणीव व्यक्त करतो', असं वाक्य मी स्वतः लिहिलं आहे. मग चाचणीचे गुण संगणकावरच्या तक्त्यात टाकायचे, की ती निष्पत्ती इतके टक्के साध्य झाली असा आकडा येतो. माझ्या त्या विद्यार्थिनीचे १७ गुणही अशाच एका आकड्यात गेले. तक्ता बरोबर होता, बेरीज बरोबर होती.

यानंतर मी काय केलं ते सांगते. फार मोठं नाही. विद्यापीठाचा पेपर माझ्या हातात नाही, पण अंतर्गत गुण माझ्या हातात होते.

पहिलं, उतरवून देणं बंद केलं. यावर सगळ्यांत जास्त तक्रार मुलींनीच केली. "मॅडम, नोट्स द्या ना, नाहीतर लिहायचं काय?" दुसरं, चाचणीत प्रश्नाऐवजी कागद ठेवला. नावं बदललेला सातबारा, वारसनोंदीचा फेरफार, एक हक्कसोडपत्र. प्रश्न असे: यात कोणाकोणाची नावं आहेत? कोणाचं असायला हवं होतं आणि नाही? या कागदावर सही केली तर उद्या काय बदलेल? तुझ्या मावशीला समजेल अशा भाषेत सांग. पहिल्या वर्षी फजिती झाली. २००५चा कायदा पाठ असलेल्या मुलींना सातबाऱ्यावर बहिणींची नावं कुठे शोधायची हे सांगता येईना. उलट वर्गात कायम मागे बसणारी, शुद्धलेखनात गुण घालवणारी एक मुलगी भराभरा सांगू लागली. ती आईबरोबर तलाठ्याकडे खेपा घालून आली होती. आजवर माझ्या लाल पेनानं तिच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका मोजल्या होत्या, तिचं ज्ञान कधी मोजलंच नव्हतं.

तिसरं, पेपर परत द्यायला लागले, आणि आधी गुण न देता. बाजूला फक्त लिहायचं: हे बरोबर धरलंस, इथे चुकलीस, हे पुन्हा वाचून लिही. आठवड्यानं सुधारून आणायचं, मग गुण. ही कल्पना माझी नव्हे. रूथ बटलर या संशोधक बाईंनी इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना नुसते गुण दिले, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. सुधारली ती नुसता शेरा मिळालेली मुलं. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा उपयोग झाला नाही. आकडा दिसला की डोळे तिथेच थांबतात. आमच्याही वर्गात पहिले दोन महिने एकच प्रश्न होता, "पण मॅडम, किती पडले?" तिसऱ्या महिन्यात एकीनं विचारलं, "इथे चूक म्हटलंत, पण का?" त्या दिवशी मला घरी जाताना फार बरं वाटलं.

माझी एक चूकही सांगते. सुरुवातीला मी मुलींना घरचाच सातबारा आणायला सांगितला होता. एका मुलीनं घरी मागितला, तर वडील भडकले. "आत्तापासून वाटण्या मागतेस काय?" म्हणून चार दिवस तिला महाविद्यालयात पाठवलं नाही. मी घरी जाऊन समजूत घातली, पण धडा मला मिळाला. परीक्षेसाठी मुलीला घरात एकटीनं लढायला लावायचं नसतं. तेव्हापासून कागद नमुन्याचे. घरचा कागद ज्याचा तिनं, वाटेल तेव्हा, वाटलं तर पाहावा.

हे सगळं ३५-४० मुलींच्या वर्गात जमलं. १२० जणांच्या वर्गात जमत नाही. माझ्या शेजारच्या वर्गात तासिका तत्त्वावर काम करणारी तरुण प्राध्यापिका आहे. तिला तासाचे पैसे मिळतात, पेपर वाचून शेरे लिहायला लागणाऱ्या वेळाचे नाहीत, आणि पुढच्या वर्षी नेमणूक होईल याची खात्री नाही. तिच्याकडून गुणवत्ता मागायची कोणत्या तोंडानं? रिकाम्या जागा भरण्याची मागणी ही म्हणून फक्त प्राध्यापकांच्या संघटनेची मागणी नाही, तुमच्या मुलींची आहे.

तुम्ही काय करू शकता? मुलीला गुण किती, एवढंच विचारू नका. तपासलेला पेपर परत मिळाला का, ते विचारा. ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला आहे की माहितीच्या अधिकाराखाली परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते. हा हक्क वापरा. २०१६च्या विद्यापीठ कायद्यानं प्रत्येक महाविद्यालयात विकास समिती असते, तिच्यावर स्थानिक सदस्य असतात. तिथे आपल्यातल्या जणी जायला हव्यात, आणि फायलीतला आकडा दाखवला की म्हणायला हवं, चार मुलींना बोलवा, त्यांच्याशी बोलू.

पुण्यात १८५०च्या दशकात फुले पतिपत्नींच्या शाळांतल्या मुलींच्या परीक्षा जाहीरपणे होत, लोक बघायला जमत. त्याच शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. ही मातंग समाजातली मुलगी नुकती कुठे किशोरवयात आली होती. शिकवलेलं परत देऊन ती थांबली नाही. शिकलेल्या अक्षरांनी तिनं आपल्या माणसांवरचा अन्याय मांडला आणि धर्माला जाब विचारला. तिच्या शिक्षणाचा पुरावा तो निबंध आहे. मूल्यमापन म्हणतात ते मला इथे दिसतं.

माझी ती विद्यार्थिनी सध्या वकिलांकडे खेपा घालते आहे. नोंदवलेला कागद रद्द करून घेणं सोपं नाही, हे तिला आता कळतं. गेल्या वर्षी मी तिला वर्गात बोलावलं. तिनं आपली सगळी हकीकत मुलींना सांगितली, कागदही दाखवला. वर्ग शांत होता. शेवटी एका मुलीनं हात वर करून मला विचारलं, "मॅडम, हे परीक्षेला येणार का?"

मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "मला आलं होतं. दोनदा. पहिल्यांदा २० पैकी १७ पडले."