आधी चाकं, मग गाडी

गावोगावच्या बचत गटांतल्या सगळ्या ताई, माई, वहिनींनो, आमचा गट कॉटन ग्रीनचा.

कॉटन ग्रीन कुठं आलं, असं तुम्ही विचाराल. मुंबईच्या हार्बर लाइनवर रे रोड आणि शिवडी यांच्या मधलं हे स्टेशन. विदर्भ-खानदेशातला कापूस गाठी बांधून इथल्या गोदामांत यायचा. कापूस बाजाराची हिरवी इमारत अजून उभी आहे. आमच्यातल्या बऱ्याच जणींचे सासरे गिरणीत होते. १९८२ चा संप झाला, पुढं एकेक गिरणी बंद पडली. आता इथं कापसाच्या गाठींपेक्षा गाड्याच जास्त दिसतात. ट्रक, टेम्पो, टॅक्सी, आणि नव्या इमारतींखाली कार. म्हणून आमच्या गटानं पापड-मसाल्याच्या जोडीला एक वेगळं काम धरलं. गाड्यांची चाकं धुवायचं.

हसू नका हं. घरचेही हसले होते. गाड्या पुसणारी मुलं पहाटे येतात, काच आणि टप पुसतात, आणि उरलेलं मळकं पाणी चाकांवर ओततात. चाकं तशीच काळी राहतात. ते काम कुणी करत नव्हतं, ते आम्ही घेतलं.

पण पहिल्याच महिन्यात आमच्या हातून नुकसान झालं. ते आधी सांगतो, म्हणजे तुमचं होणार नाही.

एका गाडीच्या चाकांवर काळा थर बसला होता. साबणानं निघेना. आमच्यातली एक जण म्हणाली, संडासाची फरशी ज्या ॲसिडनं निघते, त्यानं हेही निघेल. ओतलं. फेस आला, काळं निघालं, आम्ही खूश. चाक वाळलं तेव्हा त्यावर पांढरे, खरखरीत डाग उमटलेले. पाण्यानं जाईनात, पुसून जाईनात. ते चाक होतं अलॉयचं, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं. त्यावर पारदर्शक लॅकरचा पातळ थर असतो. ॲसिडनं तो थर खाल्ला आणि खालचा धातूही खाल्ला.

गाडीमालक गावाला गेले होते. काही जणी म्हणाल्या, गप्प राहू, पावसानं झालं म्हणतील. त्या रात्री आमची बैठक दोन तास चालली. गटातल्या सर्वांत थोरल्या काकू शेवटी म्हणाल्या, "त्यांनी चाक बघितलं की आपल्याला विचारणारच. मग एकदा खोटं बोलायचं, की रोज?" मालक आल्यावर आम्ही जाऊन सांगितलं. ते चिडले, चिडणारच. चाक पुन्हा रंगवून घेण्याचा खर्च आम्ही गटाच्या पैशांतून तीन हप्त्यांत दिला. त्या वर्षी दिवाळीला वाटायला काही उरलं नाही. पण ती गाडी आजही आमच्याकडे आहे, आणि त्याच मालकांनी आम्हाला आणखी चार गाड्या मिळवून दिल्या.

आता चाक काळं का होतं, ते समजून घेऊ. ती नुसती रस्त्याची धूळ नसते. ब्रेक दाबला की पॅड डिस्कवर घासतो. दोन्हींचा बारीक चुरा उडतो, त्यात लोखंडाचे कण असतात. ते तापलेले असतात, रिमवर चिकटतात, ओल लागली की गंजतात, आणि नारिंगी ठिपके पडतात. ब्रेकचा जास्त भार पुढच्या चाकांवर येतो, म्हणून पुढची चाकं लवकर काळी होतात. आमच्याकडे वर शिवडीच्या खाडीचा खारा वारा. मीठ आणि ओल एकत्र आली की लोखंड लवकर सडतं. म्हणून जोर लावून महिन्यातून एकदा घासण्यापेक्षा दर आठवड्याला हलक्या हातानं धुतलेलं बरं.

आमची पद्धत आता अशी आहे.

चाक थंड होऊ द्या. गाडी नुकतीच आली असेल तर अर्धा तास थांबा. तापलेल्या रिमवर साबण लगेच वाळतो आणि डाग सोडतो.

चाकांची बादली, फडकी, ब्रश वेगळे ठेवा. चाकाच्या फडक्यात वाळू आणि लोखंडाचा कण अडकतो. तेच फडकं टपावर फिरवलं की रंगावर रेघा उठतात. आम्ही चाकाच्या बादलीला लाल दोरी बांधली आहे.

चाकं आधी धुवा, बाकीची गाडी मागून. म्हणजे चाकाची घाण धुतलेल्या दारावर उडत नाही.

आधी नुसतं पाणी मारा. सुका ब्रश फिरवू नका, ब्रेकचा चुरा नाकात जातो. नाकातोंडाला रुमाल आणि हातात रबरी मोजे हवेतच.

मग गाडी धुवायचा सौम्य शाम्पू पाण्यात मिसळा आणि मऊ ब्रशनं घासा. नटांच्या खळग्यांत जुना दात घासायचा ब्रश बरोबर जातो. तारेची घासणी, काथ्या, राख, वाळू चाकाला लावायची नाही. एक चाक पूर्ण करून, धुऊन, मगच दुसरं घ्या.

शेवटी कोरडं पुसा. हा टप्पा आपण सगळ्या चुकवतो. पाणी वाळलं की क्षारांचे पांढरे ठिपके राहतात. बोअरच्या पाण्यानं तर जास्तच.

चाक कोरडं झालं की रिमवर गाडीचं मेण पातळ लावा आणि पुसून घ्या. मेणाच्या थरामुळे पुढच्या वेळी चुरा घट्ट बसत नाही. हेच चाकाचं संरक्षण. फक्त एक लक्षात ठेवा, मेण किंवा पॉलिश ब्रेकच्या डिस्कवर आणि टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावर लागता कामा नये. गाडी घसरेल, ब्रेक लागणार नाही. धुऊन झाल्यावर चालकाला सांगा, पहिले थोडे अंतर हळू जा आणि दोन-तीनदा ब्रेक दाबून डिस्क वाळवा. टायर चमकवायला काही जण डिझेल किंवा जळकं ऑइल फासतात. त्यानं रबर खराब होतं. टायरला साबणपाणी पुरे.

आता सर्वांत महत्त्वाचं. चाक धुताना आपण खाली बसतो. गाडीवाला कधी बसत नाही. त्यामुळे त्याला न दिसलेलं आपल्याला दिसतं.

गेल्या गणपतीच्या आधी एक कुटुंब कोकणात निघायचं होतं. रात्रीचा प्रवास, गाडीत दोन लहान मुलं आणि आजी. चाक पुसताना आमच्यातल्या एकीचा हात टायरच्या आतल्या बाजूला गेला, तिथं लिंबाएवढा फुगा लागला. बाहेरून टायर नवा दिसत होता. फुगा म्हणजे आतले धागे तुटलेले, तो कधीही फुटू शकतो. तिनं तसंच ओल्या हातानं जिना चढून दार वाजवलं. टायर बदलून ते लोक दुसऱ्या दिवशी निघाले. परतताना आम्हाला ओल्या नारळाच्या करंज्या आणल्या. तेव्हापासून धुताना पाच गोष्टी बघायच्या हे आम्ही ठरवून टाकलंय : टायरला फुगा किंवा चीर, नक्षीत अडकलेला खिळा, सैल किंवा गंजलेला नट, रिमचा वाकलेला काठ, आणि झिजलेली नक्षी. कारच्या टायरच्या खाचेत बारीक उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे १.६ मिलिमीटरवर आली, की टायर बदलायचा. दिसलं ते सांगायचं. नट आपण पिळायचा नाही, ते गॅरेजचं काम.

तुमच्या गावात कार कमी असतील, पण जीप, पिकअप, ट्रॅक्टर, ट्रॉली आहेतच. त्यांची बहुतेक चाकं लोखंडी. युरियाची पोती वाहिली, शेणखत ओढलं, की रिम त्याच दिवशी धुवा. खताचा कण ओल धरतो आणि लोखंड खातो. पावसाळ्यात रिमच्या आतल्या बाजूला चिखल बसून वाळतो. मग चाकाचा तोल जातो आणि वेगात स्टिअरिंग थरथरतं. माणसं पैसे देऊन चाकं तपासायला जातात, आणि कधी कधी दुखणं असतं नुसत्या चिखलाचं. समुद्रकाठच्या बहिणींनो, वाळूत नेलेली गाडी गोड्या पाण्यानं त्याच दिवशी धुवा. दसऱ्याला चाकाला कुंकू लावाल ते जरूर लावा, दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं पुसून घ्या.

लोखंडी रिमवर गंज दिसला तर पॉलिश पेपरनं घासा, पुसा, रेड ऑक्साइड लावा, वाळल्यावर रंग द्या. नट जिथं बसतो तिथं मात्र रंगाचा जाड थर देऊ नका. रंग दबला की नट सैल होतो.

सामान काय लागतं? दोन बादल्या, दोन ब्रश, फडकी, मोजे, शाम्पू, मेणाची डबी. पाणी चार चाकांना दोन बादल्यांत भागतं. पाइप लावू नका, पिण्याचं पाणी तर नकोच. रंगकाम आणि ॲसिड गटाच्या कामात घेऊ नका. आणि काम घेण्याआधी मालकाला चारही चाकं दाखवा, आधीचे ओरखडे वहीत लिहा, त्यांची सही घ्या. ही वही आम्ही तो फटका बसल्यावर सुरू केली. तुम्ही पहिल्या दिवसापासून करा.

आमची काकू आता गुडघ्यांमुळे खाली बसू शकत नाही. ती वही सांभाळते, आणि आम्ही चाक पुसून उठलो की विचारते, "आतून हात फिरवलास का?" तुमच्याकडेही कुणीतरी हे विचारणारी ठेवा.