माथेरानची राखण

नेरळच्या बाजूनें घाट चढून मोटार दस्तुरी नाक्यावर आली म्हणजे तिला थांबावें लागतें. तेथून पुढें पायीं जावें, घोड्यावर बसावें, नाहींतर छोट्या आगगाडीचें अमन लॉज स्थानक गांठावें. प्रथमच येणाऱ्या मुंबईकर कुटुंबाला ही मोठी गैरसोय वाटते. दुसऱ्या दिवशीं पहांटे लाल मातीच्या वाटेवर पाखरांचा आवाज कानीं आला, कीं तीच गैरसोय त्यांना माथेरानचें वैभव वाटूं लागते.

ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० सालीं हा डोंगर चढला आणि त्यानें माथेरान ‘शोधलें’ अशी नोंद झाली. डोंगरउतारावरील धनगर, ठाकर व कातकरी यांना तें कधींच हरवलेलें नव्हतें, हा भाग वेगळा! पुढें बंगले उठले. १९०४ ते १९०७ या काळांत अब्दुल हुसेन आदमजी पीरभाई यांनीं दोन फूट रुंदीच्या रुळांवरून गाडी वर नेली. मोटार मात्र गांवांत शिरली नाहीं.

परंतु मोटार अडविली म्हणजे डोंगर राखला असें होत नाहीं. पॅनोरमा पॉइंटवर उभें राहिल्यावर जें दिसतें त्यांतील फारच थोडें माथेरानच्या हद्दींत आहे. खालचीं भातखाचरें, पाडे, रानें हीं कर्जत-पनवेलकडच्या गांवांचीं. मुंबई जसजशी सरकत आली तसतसा त्या जमिनींना भाव आला. पायथ्याशीं खाणी आणि उतारावर इमारती झाल्या, तर माथ्यावर एकही झाड न तोडतां माथेरान नाहींसें होऊं शकतें. ही गोष्ट ज्यांनीं वेळींच ओळखली त्यांत बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुप ही संस्था होती. तिनें न्यायालयाचें दार ठोठावलें. ४ फेब्रुवारी २००३ रोजीं केंद्र सरकारनें १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्यान्वयें माथेरान व भोंवतालचा सुमारें २१५ चौरस किलोमीटर प्रदेश संवेदनक्षम ठरविला आणि त्याच्या कडेनें २०० मीटरांचा पट्टा राखला.

या अधिसूचनेचें मर्म जमिनीच्या उपयोगांत आहे. शेती, रान व आदिवासींच्या जमिनी यांचें रूपांतर सहजासहजीं होऊं नये, खाणकाम होऊं नये, तीव्र उतारावर बांधकाम होऊं नये, आणि साऱ्या प्रदेशाचा एक आराखडा करून त्याप्रमाणें परवानग्या द्याव्या, अशी ही योजना. जमीन मालकाचीच राहते. ती कशी वापरावी याला मर्यादा पडते. उतारावरची माती किती नाजूक, हें पावसानें वारंवार दाखविलें आहे. २००५ सालच्या अतिवृष्टींत रेल्वेमार्ग वाहून गेला. २०१९ सालीं पुन्हां तो उखडला आणि नेरळहून गाडी सुरू व्हावयास ऑक्टोबर २०२२ उजाडला.

आतां या राखणीचा भार कोणावर पडतो तें पाहिलें पाहिजे. सहलीला येणारा दोन दिवस शुद्ध हवा घेऊन परततो. पाड्यावरच्या माणसाला मात्र रस्ता हवा असतो, आजाऱ्याला खालीं नेण्याची सोय हवी असते. त्याला केवळ नियम दाखविणें हा न्याय नव्हे. माथ्यावर तर मोटारबंदीचा बोजा अक्षरशः माणसांनीं ओढला. ९४ हातरिक्षा परवान्यावर चालत. माणसानें माणसाला चढावरून ओढून न्यावें, हें दृश्य निसर्गरम्य स्थळाच्या शोभेंत खपून जाई. रिक्षाचालकांनींच विजेवरील रिक्षांची मागणी केली. सर्वोच्च न्यायालयाच्या अनुमतीनें डिसेंबर २०२२ मध्यें प्रयोग सुरू झाला, आणि ऑगस्ट २०२५ मध्यें हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून त्या चालकांचें पुनर्वसन करावें, असा आदेश न्यायालयानें दिला.

घोडेवाल्यांना हें रुचलें नाहीं. त्यांच्या पोटाचा प्रश्न होता, शिवाय फरसबंदीवर घोड्यांचे पाय घसरतात अशी त्यांची तक्रार होती. न्यायालयानें दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत मातीच्या लाद्या बसविण्यास मान्यता दिली, मात्र त्यांच्याखालीं सिमेंट-काँक्रीट घालूं नये आणि आंतील वाटांवर त्या मुळींच बसवूं नयेत, अशी अट घातली. पाणी जमिनींत मुरावें आणि रिक्षाही चालावी, असा तो तोडगा. घोडेवाल्यांचें समाधान त्यानें पुरतें झालें असें म्हणवत नाहीं.