बोनेट उघडा, दहा मिनिटं द्या: पहिली गाडी घेतलेल्यांसाठी

आजचा भाग खास त्यांच्यासाठी, ज्यांच्या घरी नुकतीच पहिली गाडी आली आहे. नवी असो नाहीतर सेकंडहँड, हप्ते चालू असोत नाहीतर संपलेले. आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही. बीटेक केलंय, पोटापाण्याला सॉफ्टवेअर लिहितो. पण आमच्या धंद्यात एक गोष्ट रोज दिसते. सिस्टिम अचानक पडली असं आपण म्हणतो, पण आधी चार दिवस लॉगमध्ये तिची कुरकुर चालू असते. ती कुणी वाचलेली नसते, एवढंच. गाडीचं अगदी तसंच आहे.

आजच्या भागातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: गाडीतली स्वस्त वस्तू महागड्या वस्तूला सांभाळते. ऑइल इंजिनाला सांभाळतं, कूलंट सिलिंडर हेडला, ब्रेक पॅड डिस्कला आणि एअर फिल्टर पुन्हा इंजिनाला. स्वस्त वस्तू वेळेवर बदलली नाही की बिल महागड्या वस्तूचं येतं.

आणि इथे बरेच जण म्हणतात, "अरे, इन्शुरन्स आहे ना!" नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी असली तरी झीज आणि यांत्रिक बिघाड त्यात धरलेला नसतो. ऑइलअभावी इंजिन जाम झालं तर तो खर्च तुमच्याच खिशातून. वॉरंटी आहे म्हणाल, तर सर्व्हिस वेळेवर केल्याची नोंद आधी विचारली जाते.

किलोमीटर की महिने?

"माझी गाडी चालतच नाही, सर्व्हिस कशाला?" हे वाक्य मी ऑफिसात दर महिन्याला ऐकतो. घरून काम, आठवड्यातून दोन दिवस ऑफिस, वर्षाला जेमतेम चार हजार किलोमीटर. पण मॅन्युअल नीट वाचा. बहुतेक पेट्रोल गाड्यांना तिथे लिहिलेलं असतं: १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते. शेवटचे चार शब्द महत्त्वाचे आहेत.

कारण काय? घरापासून दोन किलोमीटरवर भाजी आणायला गेलात, तर इंजिन पूर्ण तापतच नाही. मग आत तयार झालेली वाफ आणि थोडं न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्येच राहतं. त्यामुळे कमी चाललेल्या गाडीचं ऑइलही खराब होतं. बॅटरीचंही तेच. गाडी उभी असली तरी अलार्म आणि कॉम्प्युटर थोडी थोडी वीज खातच असतात. आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी बाहेर काढा. पार्किंगमध्ये पाच मिनिटं चालू ठेवून भागत नाही.

रविवारची दहा मिनिटं

महिन्यातून एकदा, सकाळी, इंजिन थंड असताना, सपाट जागेवर.

पहिलं, इंजिन ऑइल. डिपस्टिक काढा, फडक्यानं पुसा, परत पूर्ण आत घाला आणि काढून बघा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. खाली वाईट, तसंच वरच्या खुणेच्या वर भरणंही वाईट. ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी मिसळत असण्याची शक्यता आहे, गाडी मेकॅनिकला दाखवा.

दुसरं, कूलंट. अर्धपारदर्शक टाकीवर कमाल आणि किमान अशा दोन रेषा असतात. पातळी दर महिन्याला उतरत असेल तर नुसतं भरत बसू नका. ते कुठूनतरी गळतंय, ते शोधा. नळाचं पाणी टाळा, त्यातल्या क्षारांचा थर आत बसतो. रस्त्यात तापमानाचा काटा वर गेला, तर एसी बंद, गाडी कडेला, इंजिन बंद. गरम रेडिएटरचं झाकण अजिबात उघडायचं नाही. आतलं उकळतं पाणी दाबाखाली असतं, तोंडावर येतं. आणि "गॅरेज पुढेच आहे" म्हणून तशीच दामटलीत तर अॅल्युमिनियमचं हेड वाकतं, गॅस्केट जातं. कूलंटचा डबा काही शे रुपयांचा. हेडचं काम हजारोंचं.

तिसरं, टायर. किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. पंपावरच्या दादांना तो आकडा तुम्ही सांगा, आणि स्टेपनीही तपासायला सांगा. हवा कमी असली की टायरची बाजू सारखी दुमडते आणि तापते. आता समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे आणि सपाट रस्त्यावर कारला ताशी १२० ची मुभा आहे. त्या वेगात, उन्हाळ्यात, तासन्‌तास तापलेला टायर फुटला तर प्रश्न पैशांचा उरत नाही. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर संपला. खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की बदला. सेकंडहँड गाडी असेल तर टायरच्या बाजूवरचे चार अंक वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी छान दिसली तरी रबर म्हातारं झालेलं असू शकतं.

ब्रेक ऑइल: सगळ्यात दुर्लक्षित

ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषून घेतं. नवं डॉट ४ फ्लुइड किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ च्या आसपास येऊ शकते. आता बोरघाट डोळ्यांसमोर आणा, मुंबईच्या बाजूला उतरताय, पाय सतत ब्रेकवर. ब्रेक तापले, फ्लुइड उकळलं, नळीत वाफेचे बुडबुडे झाले. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पॅडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. म्हणून बऱ्याच गाड्यांना दर २ वर्षांनी फ्लुइड बदलायला सांगतात. आणि घाट उतरताना खालचा गिअर, न्यूट्रल कधीच नाही.

पावसाळ्याआधी

वायपरची रबरं बदला. पुढच्या काचेच्या खाली जाळीत अडकलेली पानं काढा, नाहीतर पाणी आत उतरतं. उभ्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात, तेव्हा अधूनमधून बोनेट उघडून बघत जा. आणि साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. टो करून न्या.

सीएनजीवाल्यांनो, सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर ३ वर्षांनी. ईव्हीवाल्यांनो, तुम्हाला इंजिन ऑइल नाही, पण टायर, ब्रेक फ्लुइड आणि छोटी १२ व्होल्टची बॅटरी आहेच.

सर्व्हिस सेंटरमध्ये काय बोलायचं

तिथे तुम्हाला इंजिन फ्लश, कोटिंग, एसी डिसइन्फेक्शन अशी लांबलचक यादी वाचून दाखवतील. वाद घालू नका. मॅन्युअलमधला सर्व्हिसचा तक्ता मोबाइलवर उघडा आणि शांतपणे विचारा, "यात हे कुठे आहे?" तक्त्यात आहे ते करा. नसेल तर कारण विचारा, पटलं तर हो म्हणा. जॉबकार्डवर नसलेलं काम फोन केल्याशिवाय करू नका, असं सांगून ठेवा. बदललेले जुने पार्ट दाखवायला सांगा. आणि गाडीला टायमिंग बेल्ट असेल तर तो किती किलोमीटरला बदलायचा ते आजच बघून ठेवा. बऱ्याच इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. तुटण्याआधी तो बहुतेक वेळा काही सांगत नाही.

शेवटचं, डॅशबोर्डवरचे दिवे. पिवळा म्हणजे लवकर दाखवा. लाल म्हणजे थांबा. ऑइलच्या किटलीचा लाल दिवा लागला तर सुरक्षित जागा बघून ताबडतोब इंजिन बंद. पुढच्या चौकापर्यंतही नाही.

आता इअरफोन काढा, ग्लोव्ह बॉक्समधलं मॅन्युअल काढा, सर्व्हिसचं पान शोधा आणि पुढची तारीख कॅलेंडरवर टाका. किलोमीटर नाही, तारीख. तुमच्या गाडीत काही वेगळं आढळलं तर मला कळवा. भेटूया पुढच्या भागात. गाडी सावकाश चालवा!