एसटीत बसलं की फोन गप्प



भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीच्या बसस्थानकावरून नागपूरची एसटी सुटते, तेव्हा तिच्यात चालक एकच असतो. बाकी सगळे प्रवासी. पण त्यांच्यातल्या काहींच्या खिशातल्या फोनला हे पटत नाही. बस गाव सोडून महामार्गावर वेग घेते आणि लाखनी यायच्या आतच एखादा फोन परस्पर ठरवून टाकतो की आपला मालक गाडी चालवतोय, आता त्याला त्रास द्यायचा नाही. रिंग बंद, मेसेजचा आवाज बंद. नागपूरच्या मेडिकल रुग्णालयात नवरा भरती आहे म्हणून डबा घेऊन निघालेली बाई खिडकीशी बसलेली असते, वॉर्डातून तिला फोन येत असतो, आणि तिच्या पिशवीत साधी थरथरसुद्धा होत नाही. भंडारा गेलं, मौदा आलं, तेव्हा तिने सहज फोन काढून पाहिला तर पडद्यावर न घेतलेले कॉल. फोन बिघडला असावा असं वाटून ती दुकानात जाते. दुकानदार बंद करून चालू करून देतो. फोन बिघडलेला नसतोच. त्याचा ड्रायव्हिंग मोड आपोआप सुरू झालेला असतो.

ही सोय वाईट हेतूने आलेली नाही, हे आधीच सांगायला हवं. साकोली ज्या रस्त्यावर वसली आहे तो नागपूर-रायपूर मार्ग इंग्रजांच्या काळात ग्रेट ईस्टर्न रोड म्हणून ओळखला जाई. पुढे तो राष्ट्रीय महामार्ग ६ झाला आणि आता ५३ आहे. गुजरातमधल्या हजिऱ्यापासून ओडिशातल्या पारादीप बंदरापर्यंत जाणारा. त्यावरून रात्रंदिवस ट्रक धावतात, त्याच रस्त्यावर धानाने भरलेले ट्रॅक्टर असतात, आणि लाखनी-साकोलीच्या मधल्या मोहघाट्याच्या जंगलात अंधारातून एखादं जनावर कधी पुढ्यात येईल याचा भरवसा नाही. अशा ठिकाणी स्टिअरिंगवरच्या माणसाने फोनकडे न बघणंच बरं. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं गेली. त्यांतल्या सुमारे ३,४०० मृत्यूंपुढे कारण म्हणून मोबाइलचा वापर नोंदवलेला आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि हातात फोन धरून गाडी चालवणं कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक वाहन चालवण्याच्या गुन्ह्यात, नाव घेऊन घातलं गेलं. दंड १ हजारापासून ५ हजारांपर्यंत, आणि तुरुंगवासाचीही तरतूद.

फोन कंपन्या त्याआधीच कामाला लागल्या होत्या. सॅमसंगने २०१६ मध्ये खास भारतासाठी गॅलक्सी जे३ या फोनात ‘एस बाइक मोड’ दिला. मोटारसायकलवाला निघताना तो स्वतः सुरू करायचा. फोन करणाऱ्याला मग आवाज ऐकू यायचा की समोरचा गाडीवर आहे, फारच तातडीचं असेल तर एक नंबरचं बटण दाबा. ते दाबलं की कॉल पोचायचा, पण गाडी थांबवल्याशिवाय तो घेता येत नसे. दुचाकींच्या देशात कोणीतरी दुचाकीवाल्याचा विचार केला होता, आणि मुख्य म्हणजे बटण त्याच्याच हाती ठेवलं होतं. ॲपलने पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, आयओएस ११ सोबत गाडी चालवतानाचा ‘डू नॉट डिस्टर्ब’ आणला. २०२१ पासून तो ‘फोकस’ या सदरात ‘ड्रायव्हिंग’ नावाने बसतो. गूगलच्या पिक्सेल फोनांतही तशीच व्यवस्था आली. इथे मात्र फोन स्वतःहून ओळखू लागला, आणि घोटाळा तिथूनच सुरू झाला.

फोन ओळखतो कसा? सतत जीपीएस चालू ठेवलं तर बॅटरी दुपारपर्यंतही टिकणार नाही. म्हणून तो आधी कमी वीज खाणाऱ्या संवेदकांवर भिस्त ठेवतो. ॲक्सेलरोमीटर नावाचा भाग हिसके आणि कंप मोजतो. चालणाऱ्या माणसाच्या पावलांची लय एक, सायकलची दुसरी, चाकांवर धावणाऱ्या गाडीची तिसरी. ही मापं ताडून गूगलची यंत्रणा ॲपना सांगते की माणूस स्थिर आहे, चालतोय, धावतोय, सायकलवर आहे किंवा वाहनात आहे, आणि या अंदाजाची खात्री किती तेही शंभरपैकी गुण देऊन सांगते. त्या यादीत ‘वाहनात आहे’ असतं. ‘वाहन चालवतोय’ हे त्यात नाही. एसटी चालकाच्या खिशातला फोन आणि मागच्या बाकावरच्या आजोबांच्या बंडीतला फोन सारखेच हिसके खातात. यंत्राच्या लेखी दोघेही वाहनात.

चालक आणि प्रवासी वेगळे ओळखायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. ॲपलने २००८ मध्ये एका पेटंटसाठी अर्ज केला होता आणि ते २०१४ मध्ये मंजूर झालं. कॅमेऱ्यातून आजूबाजूचं दृश्य तपासून फोन धरणारा माणूस चालकाच्या जागेवर आहे की नाही हे ठरवावं, अशी त्यातली एक कल्पना. फोन खिशात असेल तर कॅमेऱ्याला दिसणार काय, हा प्रश्न साकोलीतला शाळकरी पोरगाही विचारील. ‘पोकेमॉन गो’ या खेळाने २०१६ मध्ये जास्त साधा तोडगा काढला. वेग वाढला की खेळणाऱ्यालाच विचारायचं, आणि त्याने ‘मी प्रवासी आहे’ या बटणावर बोट ठेवायचं. आयफोनवरही ‘मी गाडी चालवत नाही’ असं बटण येतं. पण ते पाहायला फोन हातात हवा. पिशवीच्या तळाशी असलेल्या फोनला कोण उत्तर देणार?

ज्या गावातली बरीचशी माणसं एसटीने, काळी-पिवळीने किंवा कुणाच्या तरी मागे बसून प्रवास करतात, तिथे हालचालीवरून आपोआप सुरू होणारा मोड सरसकट ठेवणं शहाणपणाचं नाही. मात्र मोडच काढून टाकायचा नाही. काढायचं ते त्याचं ‘आपोआप’.

आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये फोकस, त्यात ड्रायव्हिंग आणि त्यात ‘व्हाइल ड्रायव्हिंग’ असं जावं. तिथे तीन पर्याय दिसतात: आपोआप, गाडीच्या ब्लूटूथला जोडल्यावर, आणि हाताने. प्रवाशाने ‘हाताने’ निवडावं. ज्याची स्वतःची चारचाकी आहे आणि जो ती स्वतःच हाकतो, त्याने ब्लूटूथचा पर्याय घ्यावा. एसटीच्या ब्लूटूथला काही त्याचा फोन जोडलेला नसतो, त्यामुळे बसमध्ये घोळ होत नाही. पिक्सेलवर ‘कनेक्टेड डिव्हायसेस’, मग ‘कनेक्शन प्रेफरन्सेस’ आणि तिथे ‘ड्रायव्हिंग मोड’. नव्या आवृत्तीत तोच ‘मोड्स’ या सदरात सापडतो. सॅमसंगवर ‘मोड्स अँड रूटीन्स’मध्ये ड्रायव्हिंग उघडून आपोआप सुरू होण्याची अट काढून टाकायची. इतर कंपन्यांनी याच वस्तूला वेगवेगळी नावं दिली आहेत आणि दर अपडेटला जागाही बदलतात. त्यामुळे वाट पाठ करण्यापेक्षा सेटिंग्जच्या वर जो शोधाचा चौकोन असतो त्यात ‘ड्रायव्हिंग’ टाइप करावं. तिथेही काही सापडलं नाही तर संशय एखाद्या ॲपवर घ्यावा. अँड्रॉइड १० पासून ‘शारीरिक हालचाल’ अशी स्वतंत्र परवानगी आहे. ती कोणकोणत्या ॲपला दिली आहे ते पाहून नको तिथली काढून घेता येते.

दुचाकीवाल्याचं काय? त्याच्या गाडीला बहुधा ब्लूटूथ नसतं. रोवणीच्या दिवसांत पहाटे बांधीवर निघालेल्या शेतकऱ्याने किल्ली फिरवण्याआधी मोड हाताने लावावा. पडदा वरून खाली ओढल्यावर जी छोटी बटणं दिसतात त्यांत हे बटण आणून ठेवलं की एका बोटाचं काम.

आणखी एक गोष्ट घरोघरी माहीत असायला हवी. बहुतेक फोनांत अशा शांततेतही जवळच्या ठरावीक माणसांचे कॉल येऊ देता येतात, आणि त्याच नंबरावरून लगोलग दुसऱ्यांदा फोन आला तर तो वाजू देण्याची सोय असते. आयफोनवर त्यासाठी तीन मिनिटांची मुदत आहे, अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांची. तेव्हा वॉर्डातून फोन करणाऱ्याने एकदा रिंग देऊन थांबू नये, लगेच पुन्हा लावावा.

राहिला आपोआप जाणारा निरोप. आयफोन मेसेज पाठवणाऱ्या ओळखीच्या माणसांना उलट मेसेज धाडू शकतो की मालक गाडी चालवतोय, पोचल्यावर बघेल. मूळ मजकूर इंग्रजीत. व्हॉट्सॲपवर लिहिणाऱ्याला तो मिळत नाही. मिळाला तर गावाकडच्या म्हाताऱ्या बापाला, ज्याला पोरगं एसटीत बसल्याचं चांगलं ठाऊक असतं, आणि तो शेजाऱ्याला विचारत बसतो की याने गाडी घेतली कधी. तो मजकूर मराठीत बदलता येतो. नको असेल तर ‘ऑटो-रिप्लाय’मध्ये ‘कोणालाही नाही’ हा पर्याय आहे.